रिमोटवरचं प्लास्टिक

आमचे साडू लीलाधर नाना यांनी आयुष्यात कुणालाही काहीही विचारलेलं नाही. रस्ता चुकला तरी नाही. एकदा अमळनेरहून चोपड्याला निघाले आणि धरणगावात पोचले. मी स्कूटरवर मागे बसलो होतो. "नाना, हे धरणगाव शे," मी म्हणालो. "माले माहीत शे. आठे माले शेंगा लेवान्या व्हत्या," असं म्हणून त्यांनी खरोखर दोन किलो भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि चोपड्याचा रस्ता विचारायला मला खाली उतरवलं. स्वतः स्कूटरवर बसून शेंगा फोडत राहिले.

तीस वर्षं त्यांनी जळगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात काढली. मशीन बंद पडलं की नाना पाना घेऊन जाणार, आणि काम झाल्यावर लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये चार रकाने भरणार: तारीख, बिघाड, कारवाई, कारण. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांचं भाषण मिळालं. नानांनी जाताजाता स्टोअरमधलं एक कोरं रजिस्टरही पिशवीत टाकलं. तेव्हापासून घरातल्या बिघाडांची नोंद त्यात होते. मिक्सर आहे, पाण्याची मोटर आहे, आणि आमच्या रत्नाअक्काचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, गुडघाही आहे. "बिघाड: उजवा गुडघा. कारवाई: तेल लावले. कारण: वय." अक्काने ते वाचलं त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्यांच्या घरात दोन वर्षांपूर्वी त्रेचाळीस इंची टीव्ही आला. तो मुलीच्या पगारातून आला, हे सांगायचं नाना नेहमी विसरतात. दिपमाला त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या कंपनीचं काम ती पिंप्राळ्यात मागच्या खोलीत बसून करते. काम काय, तर मोबाइलच्या आणि टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं नि चित्रं नीट उमटतात का ते तपासायचं, आणि धूसर झाली तर दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं. याच कामाचा तिला दरमहा पगार मिळतो. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. नानांनी ठेवलं नाही.

टीव्हीला जोडायला नानांनी कुठल्याशा ऑफिसच्या लिलावातून एक जुना, डब्याएवढा कॉम्प्युटर आणला आणि त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. लिनक्सच का, याचं उत्तर ते न विचारता देतात: फुकट आहे, आणि तरी चोरीचं नाही. त्यात त्यांनी नात्यातल्या सगळ्या लग्नांचे व्हिडिओ, कीर्तनं, जुने सिनेमे आणि अक्काच्या भावकीचे चार हजार फोटो भरले. सगळ्याला नाव दिलं 'घरचं थेटर'. मे महिन्यात उद्घाटन ठरलं आणि मला धुळ्याहून बोलावलं. पंचेचाळीस डिग्रीत एसटीने गेलो. नानांनी नारळ फोडला, टीव्ही लावला. पडद्यावरची अक्षरं अशी दिसत होती की मी चष्मा काढून शर्टाला पुसला. घातला, काढला आणि पुन्हा पुसला. ज्या पट्टीवर वेळ दिसते, ती खालची पट्टी अर्धी टीव्हीच्या बाहेर गेली होती.

"नाना, जराखं धूसर वाटस," मी भीत भीत म्हणालो.

"तुमना चष्माना नंबर वाढेल व्हई," नाना म्हणाले.

पण रात्री त्यांनी रजिस्टर उघडलंच. "बिघाड: चित्र धूसर." तिथून नऊ महिने चाललेला हा उपचार मी फोनवरून ऐकला आहे, आणि ज्याला साडू नाही त्याला माझं दुःख समजणार नाही. आधी केबल बदलली. मग बदललेली केबल बदलली. गोलाणी मार्केटमधून एकूण चार केबली आल्या, शेवटच्या केबलीच्या टोकांना सोनेरी मुलामा होता, आणि त्या चारही अगदी ठणठणीत होत्या. मग पडदा चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम काढला, दुसरा टाकला, पहिलाच परत टाकला. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत हाताहाताएवढ्या लांब आज्ञा लिहिल्या. अक्षरांचा आकार वाढवला, तेव्हा धूसर अक्षरं मोठी झाली, म्हणजे आधी जे फक्त घरात दिसत नव्हतं ते आता रस्त्यावरूनही दिसेनासं झालं. एक आठवडा सगळं खापर उन्हावर फोडून कॉम्प्युटरसमोर टेबलफॅन लावला. अक्का घामाघूम होऊन पोळ्या लाटत होती आणि डबा वारा खात होता.

शेवटी नानांनी परदेशातल्या लिनक्सवाल्यांच्या एका ऑनलाइन मंडळात इंग्रजीतून सगळी हकिगत टाकली. "प्रश्न विचारला म्हणू नका," त्यांनी मला बजावलं. "चर्चा सुरू केली." चर्चेला ब्राझीलचा एक गृहस्थ आला. तो सांगेल ती आज्ञा नाना लिहीत आणि ती चालली नाही की त्याला कळवत. असं तीन आठवडे. त्या माणसाबद्दल नाना फार आदराने बोलत. "माणूस हुशार शे," म्हणत.

आता मागच्या खोलीत काय चाललं होतं ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात दिपमाला चहा घ्यायला बाहेर आली, टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, कॉम्प्युटर चित्र बरोबर पाठवतोय. टीव्हीच ते थोडं फुगवून कडा कापतोय, म्हणून सगळं पसरतंय. टीव्हीच्या मेनूत जाऊन चित्राचा आकार बदला. रिमोटनं होतं, एक मिनिटाचं काम आहे."

"ते तुमच्या कंपनीतलं वेगळं," नाना म्हणाले. "हे घरचं शे."

ब्राझीलच्या माणसाचं मात्र घरचं होतं.

आणि रिमोटबद्दल तर बोलायचीच सोय नव्हती. तो कंपनीतून आला त्याच प्लास्टिकच्या पिशवीत होता, दोन्ही टोकांना रबर लावून. दोन वर्षांत प्लास्टिक पिवळं पडून त्यातून चालू-बंदचं आणि आवाजाचं अशी दोनच बटणं दिसत. बाकीच्या बटणांबद्दल घरात कायदा होता: "ती कोनीच दाबानी नही. सेटिंग बिघडस." त्यामुळे टीव्हीला स्वतःचा मेनू असतो, ही गोष्ट त्या घरात अफवेसारखी होती. मी यावर फार बोलू शकत नाही. धुळ्यात आमच्या फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक अकरा वर्षांचं झालं आहे, आणि मध्यंतरी पाहुण्याच्या मुलाने त्याचा कोपरा ओढला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो होतो.

दिपमालाने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. चहा घेऊन ती मागच्या खोलीत जायची आणि लोकांच्या टीव्हीतले दोष काढून द्यायची.

आता माझी कामगिरी. फेब्रुवारीत मी स्थळ आणलं. धुळ्याचे रुपचंद आबा, देवपुरात दोन मजली घर, मुलगा नवल जर्मनीत इंजिनिअर. स्थळ मला पसंत पडलं, नानांना पडलं, अक्काला पडलं, पत्रिका बघणाऱ्यालाही पडलं. मग आम्ही दिपमालाला कळवलं.

ती शांतपणे म्हणाली, "मी बोलेन त्याच्याशी. मला एकच गोष्ट विचारायची आहे, लग्नानंतर माझं काम चालू राहणार का. आणि उत्तर देताना त्याचा चेहरा मला नीट दिसला पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर बोलू."

"लॅपटॉपवर?" नाना उसळले. "पाव्हणाससमोर ती एवढीशी पाटी? मंग हाई थेटर काय पूजाले ठेवेल शे?"

मीही नानांच्या बाजूने बोललो. स्थळ माझं होतं, ते त्रेचाळीस इंचात दिसावं असं मलाही वाटत होतं.

रविवारी अकराला रुपचंद आबा आणि त्यांच्या पत्नी भागाबाई आले. अंगणात पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, भरताची वांगी भाजायला टाकली होती, त्यांचा वास घरभर होता. टीव्हीवर नानांनी कॅमेरा बसवला होता. दिपमाला मधल्या खुर्चीवर, टीव्हीसमोर. तिच्या मागे सोफ्यावर भागाबाई आणि आबा, बाजूला मी, माझी बायको, अक्का. जर्मनीत सकाळचे साडेसहा वाजले होते. व्हिडिओ कॉलची घंटी वाजली आणि नवल आला.

म्हणजे एक निळा सदरा आला आणि त्याच्या वर एक फिकट गोळा आला.

"हा नवलच ना?" रुपचंद आबांनी विचारलं. बापच तो.

"नवलच. आवाज त्याचाच आहे," भागाबाई म्हणाल्या.

"इंटरनेटचा जोर कमी आहे तिकडे," नानांनी जर्मनीवर ठपका ठेवला.

"मी बी याले लगीनना आधी असाच दखेल व्हता. चूलना धूरमा," अक्का नानांकडे बघत माझ्या बायकोच्या कानात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

नमस्कार झाले. तिकडे थंडी किती, जेवणाचं काय, डाळ मिळते का, हे सगळं झालं. मग दिपमालाने विचारलं, "लग्नानंतर मी माझं काम सोडणार नाही. तुम्हाला चालेल?"

गोळा थोडा हलला. "हो… म्हणजे, बघू ना. घरच्यांच्या विचाराने करू."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घरच्यांचं ऐकणारा मुलगा! मी तर नानांकडे अशा नजरेने पाहिलं की बघा, कसा हिरा आणलाय. दिपमालाने मान डोलावली नाही.

"मला पुन्हा विचारायचंय," ती म्हणाली. "पण मला तुम्ही दिसत नाही आहात. पप्पा, चेहरा दिसत नाहीये."

नानांना तेवढंच हवं होतं. त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला, पाहुण्यांसमोर काळी खिडकी उघडली आणि ब्राझीलची एक आज्ञा ठोकली. टीव्ही पूर्ण काळा झाला. त्यावर 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरं आली, आणि ती मात्र लख्ख वाचता येत होती. दिपमालाने माझ्याकडे पाहिलं. टीव्हीची स्वतःची अक्षरं स्वच्छ येतात, म्हणजे पडदा धड आहे, बाहेरून आलेलं चित्र फुगवताना बिघडतंय, हे तिला माहीत होतं. मला फक्त लाज वाटत होती. पाच मिनिटांनी चित्र परत आलं, निळा सदरा, फिकट गोळा, सगळं जागच्या जागी. "केबल ढिली व्हई," असं म्हणत नाना टीव्हीच्या मागे शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले.

दिपमाला उठली. शोकेसवरून तिने रिमोट घेतला, दोन्ही रबरं काढली आणि प्लास्टिक उभं फाडलं.

त्या आवाजाने माझ्या हातातली चकली परत ताटलीत गेली, इतकं ते प्लास्टिक आमच्या सगळ्यांच्या मनात घट्ट होतं.

"काहीतरी फाटनं!" टीव्हीमागून नाना ओरडले.

दिपमालाने एक बटण दाबलं, पडद्याच्या कडेला यादी उघडली, ती दोन पायऱ्या खाली गेली, चित्राचा आकार बदलला आणि यादी बंद केली. एक मिनिटही लागलं नाही. खालची पट्टी सबंध वर आली. नवलच्या हनुवटीवर दाढी करताना झालेली जखम दिसली. ओल्या केसांतला भांग दिसला. मागे दांडीवर वाळत घातलेल्या मोज्यांचे जोड मोजता आले असते.

"दिसनं ना!" टीव्हीमागून आनंदाने आवाज आला. "मी सांगे ना, बठ्ठं केबलमा व्हतं!"

दिपमाला खुर्चीवर बसली. "नवल, आता मला तुम्ही दिसताय. पुन्हा विचारते. मी काम सोडणार नाही. तुम्हाला चालेल?"

आणि मग आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. नवलने तोंड उघडलं, पण बोलण्याआधी त्याचे डोळे तिच्यावरून सरकले, बाजूला, थोडे मागे. तिथे थांबले. मग तो म्हणाला, "बघू ना. घरच्यांच्या…"

"तुम्ही कुणाकडे बघताय?" दिपमालाने विचारलं आणि ती मागे वळली.

सोफ्यावर भागाबाईंची तर्जनी हवेत होती. नकारासारखी हलत होती ती जागीच थांबली, आणि मग त्या बोटाने बाईंनी पदर सारखा केला. पदर आधीच सारखा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो आम्हाला दिसत नव्हता, म्हणून आम्हीही त्याला दिसत नाही, असं धरून आम्ही तासभर बसलो होतो. कॅमेरा तर पहिल्यापासून स्वच्छ होता. नवलला सगळं घर दिसत होतं: त्याच्या आईचं बोट, मांडीवर कीबोर्ड घेतलेले नाना, आणि दुसऱ्यांदा चकल्या उचलणारा मी.

"आमच्याकडे सुनेला कामाची काही गरजच नाही हो," भागाबाई हसून म्हणाल्या. "देवाच्या दयेनं सगळं आहे."

"हे तुमचं उत्तर झालं," दिपमाला म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "नवल, तुमचं काय?"

मला त्या पोराची दया आली, खोटं कशाला सांगू. चांगला पोरगा असेल. पण तो पुन्हा तिकडेच बघायला लागला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मला दिसलं. थँक्यू, तुम्ही एवढ्या सकाळी उठलात."

मी मध्यस्थ ना, मी सांभाळून घ्यायला धावलो. "अगं, लग्नानंतर सगळं आपोआप…" असं काहीतरी सुरू केलं. दिपमालाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या हातात तो उघडा रिमोट होता. मी चकल्यांची ताटली आबांपुढे सरकवली.

नाना टीव्हीमागून बाहेर आले. केसांत जळमट, हातात सोनेरी टोकाची केबल. सगळ्यांचे चेहरे पाहून ते म्हणाले, "काय व्हयनं?" माझ्या माहितीप्रमाणे हा त्यांचा आयुष्यातला पहिला प्रश्न.

भरीत-पुरी खाऊ न घालता खानदेशात वैऱ्यालाही वाटेला लावत नाहीत, त्यामुळे आम्ही सगळे जेवलो. रुपचंद आबांनी दोनदा भरताचं कौतुक केलं, ते बिचारे आणखी काय करणार. निघताना भागाबाई "कळवतो" म्हणाल्या. अक्काने त्यांना हळद-कुंकू लावलं, दार लावून घेतलं आणि मोठ्याने म्हणाली, "कळनं आमले."

आता फटाके फुटणार म्हणून मी चपला शोधत होतो. फाटलेलं प्लास्टिक टीव्हीखालीच पडलं होतं. नानांनी ते उचललं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग टीव्हीसमोर उभे राहिले. खालच्या पट्टीवर वेळ दिसत होती, दोन वाजून वीस मिनिटं, काचेसारखी स्वच्छ. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच ती पट्टी पूर्ण टीव्हीच्या आत होती. सोनेरी टोकाची केबल अजून टीव्हीशेजारीच पडली होती. ती मुळी जोडलेलीच नव्हती, जुनीच केबल टीव्हीला होती. हे त्यांच्या लक्षात येताना मी पाहिलं. मेंटेनन्सचा माणूस, त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

ते मागच्या खोलीच्या दाराशी गेले. दार उघडं होतं, तरी उंबऱ्यापाशी थांबले.

"दिपू," ते म्हणाले, "कोनतं बटन दाबं तू?"

ती बाहेर आली. तिने रिमोट त्यांच्या हातात दिला, त्यांचा अंगठा धरून त्या बटणावर ठेवला, आणि सगळी यादी एकेक पायरी करून दाखवली. त्यांनी दोनदा करून पाहिलं. एकदा मुद्दाम चित्र धूसर केलं, पुन्हा स्वच्छ केलं. मग रिमोटकडेच बघत विचारलं, "आनि त्या पोऱ्याना चेहरामा काय दिसनं तुले?"

तिने सांगितलं. बराच वेळ सांगत होती. तिला कामात काय आवडतं, पुण्यातल्या साहेबांनी तिला कुठलं नवं काम दिलंय, तिला कसा माणूस चालेल, हेही त्यात आलं. सत्तावीस वर्षांची मुलगी, आणि हे सगळं त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच ऐकत होतं. अक्का दाराला टेकून उभी होती, तिने मला हाताने खूण केली, की आता तुम्ही निघा.

चारच्या धुळे गाडीसाठी मी पिशवी उचलली तेव्हा रजिस्टर टीव्हीशेजारी उघडंच होतं. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला समजतं, पण नऊ महिने मी ती फोनवरून ऐकली होती, तेवढा हक्क होता माझा. त्या बिघाडाच्या एकसष्ट नोंदी होत्या. केबल, ड्रायव्हर, ऊन, ब्राझील. एकसष्ट ठिकाणी 'कारण' हा रकाना कोरा होता. आता त्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एक कंस ओढलेला होता, आणि त्याच्यापुढे नानांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "दिपमालाला विचारलं नाही."

मी वही मिटली. स्थळ मी आणलं होतं. माझ्याकडे असं रजिस्टर नाही, असतं तर मलाही दुसरं काही लिहिता आलं नसतं.